तंबाखूला हवी ओल

तंबाखू लहानपणापासून माझ्या डोक्यात जायची. माझं माहेर रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी. तिथे पुरुषांच्या गालात तंबाखूची गोळी आणि बायकांच्या दातांवर मशेरी, अशी घरोघरी वाटणी झालेली होती. लग्न ठरलं तेव्हा मुलगा निपाणीकडचा, घरची तंबाखूची शेती, एवढं कानावर आल्याबरोबर मी नाक मुरडलं होतं. मुलगा स्वतः सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाही आणि ओमानला नोकरीला आहे हे कळलं, तेव्हा कुठे ते नाक सरळ झालं. अशा मी ओमानातल्या इब्री गावच्या घरात एक अख्खा हिवाळा तंबाखूची पानं तळहातावरच्या फोडासारखी जपली. माहेरी आजही हे कुणाला खरं वाटत नाही. मला मात्र तो हिवाळा नुसता आठवला तरी हुरूप येतो.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. मामंजी गावी एकटे राहिले. आम्ही रोज फोन करायचो आणि ते रोज "बरं हाय" म्हणायचे. मग एक दिवस शेजारणीचा फोन आला. घरातून धूर दिसत नव्हता म्हणून तिने दार ढकललं, तर मामंजी सोप्यात आडवे पडलेले, पोटात अन्नाचा कण नाही. आजार कसलाच नव्हता. माणूस नुसता जेवायचा थांबला होता. नवरा तातडीने गेला आणि त्यांना इब्रीला घेऊन आला.

इब्रीत ते पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसून असायचे. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता. माल आणायला त्याला सारखं मस्कतला, गाला नावाच्या भागातल्या बाजारात जावं लागायचं. मी घरी ब्लाउज शिवायची. मशीन चालू असताना पलीकडे खुर्चीत ते, आणि मध्ये एकही शब्द नाही. ताटात वाढलेलं अर्धंमुर्धं खायचे आणि म्हणायचे, "मला गावी धाडा." शेवटी नवऱ्याने शब्द दिला, थंडी संपली की पाठवतो, आणि फेब्रुवारीअखेरचं तिकीट काढलं. मी चिडले. तिथे बंद घरात जाऊन हे पुन्हा तेच करणार, आणि या वेळी शेजारीण दार ढकलेल तेव्हा उशीर झालेला असेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. नवऱ्यालाही दिसत होतं. पण बापाला नाही कसं म्हणायचं हे त्याला कधी जमलंच नाही.

आमच्या घराच्या मागे घरमालकाची खजुराची बाग होती. मालक ओमानी, पन्नाशीचा, बाजारात आयुष्य गेल्यामुळे तोडकंमोडकं हिंदी बोलणारा. कपडे वाळत घालायला मी बागेच्या कडेला जायची. डिसेंबरात एकदा मी मामंजींच्या हातात चिमट्यांची पिशवी दिली आणि म्हटलं, चला, मला मदत करा. आले बिचारे. आणि कुंपणाशी येऊन असे थबकले, की त्यांना चक्कर आली असं वाटून मी धावले.

कोपऱ्यात तंबाखूच्या चार ओळी होत्या. मालकाचे वडील लहानशा नळीतून ती ओढायचे. वडील गेले, पण मालक अजून दर वर्षी लावायचा आणि तीच नळी स्वतः ओढायचा. मी ती झाडं रोज बघत होते आणि कसला तरी पालाच असेल म्हणून सोडून देत होते.

"ह्यो कुणाचा?" मामंजींनी विचारलं.

"मालकाचा."

"मालक झोपलाय का? शेंडं खुडलं न्हाईत. समदा जोर फुलात चाललाय, पान फुकट जातंय."

आणि माझ्या हातात चिमट्यांची पिशवी परत देऊन ते सरळ ओळीत शिरले. गुलाबी फुलांचे तुरे पटापट मोडत सुटले. पानांच्या बगलेतले फुटवे अंगठ्याने काढून टाकत होते. बोटं चिकाने काळी झाली. तेवढ्यात मालक आला. परक्या माणसाने, तेही धोतरातल्या, आपल्या झाडांची फुलं मोडावीत याचा काय अर्थ लावायचा, ते त्याला कळेना.

मी घाईघाईने म्हटलं, "अर्बाब, मालक, ये मेरे ससुर हैं. पूरी जिंदगी यही किया है."

मालकाने मोडलेल्या झाडांकडे बघितलं, मामंजींच्या बोटांकडे बघितलं आणि हसला. "खलास. आज से ये बाबा का. मेरे को थोडा पीने को देना."

त्या दिवशी मामंजींनी भाकरी मागून घेतली. मी तव्यासमोर उभी राहून गालातल्या गालात हसत होते. तंबाखूवर माझा जीव जडला तो तिथे.

जानेवारीत पानं जाड झाली, त्यांच्यावर पिवळे ठिपके आले. मामंजी म्हणाले, झालं तयार. अर्धी झाडं कापली आणि गावच्या रिवाजाप्रमाणे गच्चीवर उन्हात पसरली. गावी असंच करतात. दिवसभर ऊन, रात्री दव. वाळलेलं पान कडक होतं, पहाटेच्या दवाने ते परत मऊ पडतं, आणि मऊ असतानाच ते हलवायचं, रचायचं. दव नसेल तर पानाला हात लावायचा नाही. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की दव पडेल की नाही हा प्रश्नच त्यांच्या मनात आला नाही. मलाही सुचलं नाही. कोकणातून आलेल्या बाईला पहाटेला ओल नसते हे कसं सुचावं?

ते उजाडायच्या आधी गच्चीवर जायचे आणि हात हलवत परत यायचे. "आज न्हाई पडलं. उद्या पडंल." वाळवंटाकडून वारा सुटला होता. त्या वाऱ्यात पान पिवळं पडायच्या आतच वाळून गेलं, हिरवंच्या हिरवं. मी एक दिवस त्यांच्या मागोमाग वर गेले. त्यांनी एक पान उचललं आणि मुठीत धरलं. मूठ उघडली तर हिरवी भुकटी. ती वाऱ्यावर उडाली आणि मला शिंका आल्या.

"जितं असताना पिवळं व्हाया पायजे," ते म्हणाले. "हे हिरवंच मेलं. ह्या मुलखात दव न्हाई. माझं काय काम न्हाई हितं." खाली येऊन ते खुर्चीत बसले आणि मला विचारलं, "तिकीट हाय न्हवं?"

माझं डोकं तडकलं. मामंजींवर रागवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी इब्रीच्या हवेवर रागावले. ही हवा काय काय वाळवते, एकदा बघा. माझ्या टाचांना भेगा. ओठ फुटलेले. पोळी ताटात पडून नवरा हात धुऊन येईपर्यंत तिचा पापड. नवीन आले होते तेव्हा कपडे क्षणात वाळतात म्हणून मी आईला कौतुकाने फोन केला होता. आई म्हणाली, भाग्याची आहेस. कारण आमचा जन्म ओलीशी भांडण्यात गेला. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर पांढरी बुरशी चढते, लग्नातल्या साड्या वर्षातून चार वेळा उन्हं दाखवूनही कुबट वास मारतात. ओल कुठून शिरते, कशी साठते आणि कशाला चढते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि मशीनवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओल हवी आहे ना? मग ओल मी करते. मला नाही येणार तर कुणाला येणार?

आमच्या मागच्या अंगणात एक बुटकी खोली होती, कामवालीसाठी बांधलेली, तिला लागून न्हाणीघर. आम्ही तिथे अडगळ भरली होती. मी ती सगळी बाहेर फेकली. बासमतीची तागाची पोती भिजवून भिंतींना टांगली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या, त्यांच्यावर ओल्या चादरी लोंबत सोडल्या. दार लावून आत उभी राहिले आणि श्रावणातल्या माझ्या माहेरच्या माजघराचा वास आला. मी एकटीच हसले आणि मामंजींना हाक मारली.

ते दारात उभे राहून म्हणाले, "ही काय मोरी हाय का वखार?"

"उरलेली झाडं कापा," मी म्हटलं. "एक एक पान दोरीत ओवून इथे टांगायचं. पिवळं पडेपर्यंत बाहेर काढायचं नाही."

"लई ओल झाली तर कुजंल."

"किती ओल ते मी बघते."

हे मी कसं बघितलं, ते सांगताना मला आजही गंमत वाटते. खोलीत एका बशीत भाजलेला उडदाचा पापड ठेवला, दुसऱ्या बशीत मीठ. पापड कुरकुरीत असेल तर ओल कमी, पोती भिजवा. पापड मऊ पडला आणि मीठ कोरडं, तर बरोबर. मिठाला पाणी सुटायला लागलं की दार उघडा. आमच्याकडे कुठलीही बाई चातुर्मासात डब्यांचं झाकण लावताना याच हिशेबाने लावते. मामंजींनी त्या बशांकडे बघितलं आणि सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. "आमच्या गावात कळलं, तर म्हनतील म्हाताऱ्यानं तंबाखूबरुबर पापड लावला."

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल होती. आमची भांडणं व्हायची, आणि काय भांडणं. त्यांना दार उघडं हवं, मला बंद. ते माझ्या नकळत फट ठेवायचे, मी ती बुजवायची. पोती भिजवताना माझ्या साडीचा काठ कायम ओला. नवरा गालाहून थकून यायचा तर स्वयंपाक अर्धा आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत वाद घालतोय. "घरात काही खायला आहे का, की पापडच खाऊ तो?" असं एकदा त्याने विचारलं. मी त्याला त्या पापडाला हात लावू दिला नाही.

आणि एक सकाळ अशी उगवली, की दार उघडलं तर दोरीवरची पानं पिवळी. कडेने सुरुवात होऊन शिरेपर्यंत पिवळी, मऊ, ओल्या कापडासारखी लोंबणारी. मी मामंजींचा हात धरून त्यांना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी पान दोन बोटांत धरलं, ताणलं, कानाशी नेऊन हलकेच चुरगाळून ऐकलं. "हां," एवढंच म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी शिवलेल्या ब्लाउजच्या बाह्या मी उलट्या लावल्या.

मग पिवळ्याचं तपकिरी झालं. पानं जुड्यांत बांधली, जुड्या लाकडी फळीवर रचून पोत्यात गुंडाळल्या. आता तंबाखूला घाम फुटायचा असतो. ढीग आतून तापतो, आणि फार तापायच्या आत उलटापालटा करावा लागतो. याला ते पलटी म्हणायचे. ते कोपरापर्यंत हात आत घालून उष्णता बघायचे आणि कधी पलटायचं ते सांगायचे. हे मला काही केल्या कळत नसे. मला सगळा ढीग सारखाच गरम लागायचा.

त्याच दिवसांतली गोष्ट. सकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. मागचं दार उघडं होतं. कांद्याच्या वासातून मला तो दुसरा वास आला, एवढासा, चपलांच्या कपाटातला. मी सुरी तशीच टाकून धावले. मामंजी ढिगापाशीच बसले होते.

"बुरशी आहे," मी म्हटलं.

"न्हाई. आत्ताच हात घालून बघितलं. झकास हाय."

"मामंजी, वास येतोय."

"न्हाई म्हनतो न्हवं."

मी ऐकलं नाही. ढीग सोडवायला घेतला. मधल्या थरात एक जुडी निघाली, जिच्या देठांवर पांढरी लव आली होती. आजूबाजूच्या चार जुड्यांसकट मी ती बाहेर फेकली. बाकीचा ढीग वाचला. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे वळले, दोन शब्द ऐकवायच्या तयारीने, आणि त्यांचा चेहरा बघून गप्प झाले. इतके दिवस त्यांनी पान ताणलं होतं, कानाशी नेलं होतं, हातावर तोललं होतं. नाकाशी एकदाही नेलं नव्हतं.

"तुला येतोय त्यो वास?" त्यांनी विचारलं.

"दारापासून येतोय."

"मला कसलाच येत न्हाई." ते पोत्याकडे बघत बोलत होते. "तुझी सासू गेली तवापास्नं. भाकरी करपली तरी कळत न्हाई. त्वांडात घातलं की माती. म्हनून जेवायचं ऱ्हायलं. गावात मानसं पान घिऊन यायची, आबा, वास घिऊन सांगा म्हनायची. काय सांगू? दार लावून बसलो." मग म्हणाले, "पोराला सांगू नगंस."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. इतक्या महिन्यांत वाढलेल्या प्रत्येक ताटाबद्दल मला वाईट वाटत होतं. एका माणसाची माती मी डाळीच्या फोडणीने सजवत होते. थोड्या वेळाने मी एक चांगली जुडी उचलली, नाकाशी धरली आणि बोलायला लागले. वर गुळाचा वास आहे. खाली चिंचेचा. मागून थोडा ओल्या चामड्याचा.

"चामडं उग्र हाय का मऊ?"

"मऊ. नव्या चपलेचं नाही, वापरलेल्या."

"मग बराबर चाललंय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सकाळी हाच कार्यक्रम. त्यांनी हात घालायचा, मी नाक. मला तंबाखूचे इतके वास कळायला लागले, की स्वतःचंच आश्चर्य वाटायचं. कालचा आंबटपणा आज गेला, आज मनुका आल्या, असं मी ओरडतच घरात शिरायची. ते बारीकसारीक विचारायचे, मी शब्द शोधायची, आणि शब्द बरोबर सापडला की ते मांडीवर थाप मारायचे. मी भाजीतसुद्धा हिंग जास्त पडलं की सांगायला लागले, आज वास असा आहे, चव अशी लागेल. ते ऐकत ऐकत जेवायचे. ताट रिकामं व्हायचं.

नवऱ्याला मी काही सांगितलं नाही.

फेब्रुवारी संपत आला. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मालक त्याची नळी घेऊन आला. मामंजींनी ढिगातून एक पान काढून दिलं. त्याने चुरून भरलं, ओढलं, ठसकला आणि डोळे पुसत म्हणाला, "तमाम, बहुत अच्छा, बाबा. मेरे बाप का ऐसा नहीं था." नवरा शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान मावत नव्हता.

"सूनबाई, वास सांग," मामंजी म्हणाले. सगळ्यांदेखत.

मी सांगितला. गूळ होता, मनुका होत्या. पण शेवटी घशाशी काहीतरी कच्चं टोचत होतं, तेही सांगितलं.

"बराबर," ते म्हणाले. "अजून कच्चा हाय. उन्हाळाभर मुरला पायजे. मधनं मधनं पलटी मारायची."

"मग ती मारेल की," नवरा म्हणाला. "आता सगळं शिकलीय ती. तुमचं विमान मंगळवारचं आहे, आबा. सामान बांधायला घेऊ या."

मामंजी माझ्याकडे वळले. मग विचारलं, "जमंल का गं तुला?"

नवऱ्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, कारण उत्तर त्याला माहीत होतं. लग्न झाल्यापासून मी कुठल्याही कामाला जमत नाही असं म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. पडदे, प्लंबिंग, परक्या देशात गाडीचा परवाना, सगळं मला जमत होतं. आणि खरं सांगायचं तर तोवर हात घालून ढिगाची उष्णताही मला कळायला लागली होती. आदल्याच आठवड्यात मी मनातल्या मनात पलटीचा दिवस ठरवला होता आणि तो बरोबर निघाला होता.

"नाही," मी म्हटलं. "मला एकटीला नाही जमणार."

मामंजींना कळलं असावं. मग त्यांनी ढिगावरचं पोतं नीट ओढून घेतलं, कडा आत खोचल्या, आणि मुलाला म्हणाले, "ते तिकीट रद्द कर."